पेंढा भरलेला महाधनेश : दुरुस्तीच्या नोंदी

कोकणातल्या एका जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातला हा पक्षी. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. धनेशाच्या चोचीला आणि चोचीवरच्या शिंगाला आजही चोरटं गिऱ्हाईक आहे. शाळा-कॉलेजांत, संस्थानी वाड्यांत असे पेंढा भरलेले पक्षी धूळ खात असतात. कुणाच्या तरी मनात येतं आणि ते झटकून, पुसून, रंगवून काढले जातात. तसं करायला निघालेल्यांनी आधी एवढं वाचावं.

९ ऑक्टोबर

आधी कागद. महाधनेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मरून किती वर्षं झाली याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. संस्थेकडे मालकीचं प्रमाणपत्र हवं, आणि ते आहे की नाही हे छातीठोकपणे सांगणारं कॉलेजात कुणी उरलेलं नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'स्टफ्ड हॉर्नबिल, १ नग' एवढी ओळ मिळाली. प्रमाणपत्र निघालं प्रयोगशाळेच्या गॅस कनेक्शनच्या फायलीत. ते हाती येईपर्यंत कपाटाचं कुलूप काढलं नाही.

प्राचार्यांशी बोलून ठरवलं की पक्षी आवाराबाहेर न्यायचाच नाही. ज्याला यायचं त्याने इथे यावं. परवानग्यांचा निम्मा व्याप त्याने वाचतो.

११ ऑक्टोबर

कपाट न उघडता, काचेतूनच बॅटरी मारून पाहणी. पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभराहून मोठा, प्लास्टरच्या बैठकीत रोवलेल्या फांदीवर बसवलेला आणि डावीकडे झुकलेला. शेपटीचा पांढरा भाग राखाडी झालाय. मानेवरची पिसं विरळ. फांदीच्या बुडाशी बारीक भुकटी आणि तिच्यात केसाळ अळ्यांनी टाकलेल्या काती, म्हणजे कसर जिवंत असण्याची शक्यता आहे. शिंगावर पिवळाधमक ऑइलपेंट, आणि त्या पेंटात ब्रशचे दोन केस चिकटलेले.

रंगाबद्दल प्रयोगशाळेतल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "तपासणी समिती यायची होती मॅडम. बाकं रंगवली, खिडक्या रंगवल्या, डबा उरला होता."

कपाटाच्या कोपऱ्यात डांबरगोळ्यांचे उरलेले तुकडे आणि पांढुरकी पावडर. मामांच्या म्हणण्याप्रमाणे दर मे महिन्यात आत गॅमेक्सिन ही कीटकनाशक पावडर टाकायची पद्धत होती. हे ऐकल्यावर विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढलं. एन-९५ मास्क, नायट्राइल हातमोजे, जुना अॅप्रन जो नंतर वेगळा धुवायचा, हे सामान आल्याशिवाय कपाट उघडणार नाही. साधा कापडी मास्क इथे शोभेपुरता.

१४ ऑक्टोबर

आर्सेनिकची चाचणी. भूजलातलं आर्सेनिक तपासायचं किट मिळतं, तेच वापरलं. कापसाचा बोळा ऊर्ध्वपातित पाण्यात ओला करून पायाच्या तळव्यावर, डोळ्याच्या कडेला आणि छातीच्या पिसांखाली फिरवला. प्रत्येक बोळा वेगळ्या बाटलीत. तळव्याच्या बोळ्याने कागदाची पट्टी गडद तपकिरी झाली, डोळ्याच्या बोळ्याने पिवळी, छातीच्या बोळ्याने जेमतेम. किट पाण्यासाठी असल्यामुळे आकडा काढण्यात अर्थ नाही. आहे की नाही एवढंच कळतं, आणि ते पुरेसं आहे.

असणारच होतं म्हणा. फ्रान्सातल्या मेट्झचा ज्याँ-बाप्तिस्त बेकूर याने अठराव्या शतकात आर्सेनिकचा साबण तयार केला: आर्सेनिक, साबण, कापूर, चुना, पोटॅशचा क्षार. कातड्याच्या आतल्या बाजूला तो चोपडायचा. जिवंत असेपर्यंत त्याने कृती गुपित ठेवली. ती छापून आल्यावर जगभरची संग्रहालयं त्याच्यावरच चालली, अगदी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. त्याआधीच्या पक्ष्यांचं काय झालं, तर ऑक्सफर्डचा डोडो बघा. इंग्लंडमधल्या ट्रेडस्कंट बापलेकांच्या संग्रहाच्या १६५६ च्या यादीत मॉरिशसचा अख्खा डोडो नोंदलेला आहे. तो पुढे अॅशमोलियन संग्रहालयात गेला, कुजला, किड्यांनी खाल्ला. आज त्याचं डोकं आणि एक पाय एवढंच शिल्लक आहे. आमचा महाधनेश अजून उभा आहे तो या विषाच्या जोरावर. मात्र ते विष कातड्यात आहे, पिसांत नाही, म्हणून कसर पिसं खाऊ शकते.

पाणी वापरलं की हेच आर्सेनिक विरघळून वर येतं. म्हणून ओल्या फडक्याने पुसणं बाद.

१८ ऑक्टोबर

ओळखीतले पशुवैद्यक पोर्टेबल एक्सरे मशीन घेऊन आले. प्लेटवर जाड प्लॅस्टिक, पक्ष्याला आम्हीच धरायचं, डॉक्टरांनी हात लावायचा नाही. चार फिल्मचे मिळून दोन हजार रुपये. या कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च.

पेंढा एक्सरेत दिसत नाही म्हटलं तरी चालेल, तारा लख्ख दिसतात. मानेतून एक जाड तार कवटीत गेलीय, दोन्ही पंखांत एकेक, पायांत एकेक. डाव्या पायातली तार घोट्यापाशी गंजून तुटली आहे. पक्षी कलला तो यामुळे. कवटी खरी आहे. शिंगाच्या आत हाडाची विरळ जाळी दिसते, बाकी पोकळ, वर शिंगद्रव्याचं पातळ कवच. हे माहीत असणं फार गरजेचं: शिंगाला धरून पक्षी उचलला तर कवच हातात येईल. उजव्या पंखाच्या हाडाशी दोन गोल ठिपके. छर्रे.

तारा बघून विल्यम नावाचा महाधनेश आठवला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं ऑफिस अपोलो स्ट्रीटवर होतं तेव्हा सचिव फिप्सन यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात एक जिवंत महाधनेश असायचा. कारवारहून १८९४ साली पिल्लू म्हणून आला, सव्वीस वर्षं राहिला, पेटता सिगार गिळूनही त्याला काही झालं नव्हतं म्हणतात, आणि १९२० मध्ये गेला तो तारेचा तुकडा गिळल्याने, असं सांगतात. सोसायटीच्या बोधचिन्हावर महाधनेश आहे.

२१ ऑक्टोबर

कसर मारायची कशी, यावर आजचा दिवस. फवारणी नको, कपाटात आधीच पुरेसं विष आहे. नेहमीचा मार्ग म्हणजे उणे २० अंशांत दोन आठवडे. पण बैठकीसह पक्षी कुठल्याच डीप फ्रीझरमध्ये मावेना. बैठकीतून काढायचा तर गंजलेल्या तारा ओढाव्या लागतील. आइस्क्रीमच्या दुकानातला मोठा फ्रीझर एकाने सुचवला. आर्सेनिकचा पक्षी खाण्याच्या फ्रीझरमध्ये? हात जोडले.

मग दुसरा मार्ग: पिशवीतला ऑक्सिजन काढून घ्यायचा. खाद्यपदार्थांच्या पाकिटात लोहाच्या भुकटीच्या पुड्या घालतात त्याच, मोठ्या आकाराच्या. हिशेब असा: पिशवी दाबून हवा कमी केल्यावर आत साधारण १२० लिटर हवा उरते, तिचा २१ टक्के म्हणजे २५ लिटर ऑक्सिजन. एक पुडी २००० घनसेंटिमीटर शोषते, म्हणजे तेरा पुड्या. गळतीची सोय म्हणून वीस घातल्या. पुड्या काम करताना तापतात, म्हणून त्या पिसांना न टेकता कार्डबोर्डच्या खणात ठेवल्या. सोबत ऑक्सिजन दाखवणारी गोळी: गुलाबी म्हणजे ठीक, निळी म्हणजे हवा आहे.

२४ ऑक्टोबर

गोळी निळीच. पिशवी जाड पॉलिथिनची होती, कडा व्यवस्थित चिकटवलेल्या, तरी काही उपयोग नाही. पॉलिथिन पाणी अडवतं. ऑक्सिजन हळूहळू आत येतच राहतो. गादीच्या दुकानातलं कितीही जाड प्लॅस्टिक आणलं तरी हेच होणार. ॲल्युमिनियमचा थर असलेली फिल्मच हवी. वीस पुड्या वाया, बाराशे रुपये.

२७ ऑक्टोबर

मसाले पॅक करणाऱ्या एका कारखानदाराकडून लॅमिनेटेड फिल्मचा रोल मिळाला. ती अपारदर्शक असल्यामुळे गोळी दिसावी म्हणून एका कोपऱ्यात नायलॉनच्या व्हॅक्यूम पाऊचचा छोटा तुकडा जोडला. कडा हँड सीलरने दोनदा. नव्या पुड्या. संध्याकाळी गोळी जांभळट झाली, दुसऱ्या दिवशी गुलाबी. महिनाभर अशीच ठेवायची. खोली थंड असेल तर किडे मरायला वेळ जास्त लागतो. कोकणातल्या ऑक्टोबरला ती अडचण नाही.

दिवाळीच्या सुट्टीत खोलीला कुलूप, किल्ली मामांकडे. त्यांनी रोज येऊन गोळीचा रंग वहीत लिहिला, भाऊबीजेलासुद्धा.

२९ नोव्हेंबर

पिशवी उघडली. काळ्या कागदावर पक्षी ठेवून खाली पडलेलं सगळं गोळा केलं. मेलेल्या अळ्या सापडल्या, हलणारं काही नाही.

सफाई सुरू. मऊ ब्रशने धूळ पिसांच्या दिशेने ढकलायची, हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी जोरावर, नळीच्या तोंडाला मलमल बांधलेली. मलमल कशाला, तर एखादं पीस सुटलंच तर ते पिशवीत जाऊ नये. मानेवरची नऊ पिसं अशी परत मिळाली. घरचा साधा व्हॅक्यूम वापरू नये. तो आर्सेनिकची धूळ मागच्या बाजूने खोलीभर सोडतो.

या पक्ष्याला पापण्या असतात, म्हणजे केसांसारखी झालेली पिसं, डोळ्यावर लांब, काळी, टोकाला किंचित वळलेली. उजव्या डोळ्याच्या सगळ्या शाबूत आहेत. प्रत्येकीवर धुळीचं पांढरं टोक होतं. ती धूळ तीन केसांच्या ब्रशने एकेक करून काढली. डाव्या बाजूच्या कसरीने मुळापासून खाल्ल्या आहेत, तिथे नुसती भोकं. कुणीतरी मेकअपच्या दुकानातल्या खोट्या पापण्या लावू या म्हणालं. नको.

३ डिसेंबर

रंगाचं प्रकरण. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

शेपटी अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन साफ केली. खाली टिपकागद, वरून कापसाचा बोळा, दाबायचा, घासायचा नाही. बोळे काळे झाले, शेपटीचा पांढरा आणि त्यावरचा काळा पट्टा नीट वेगळे दिसायला लागले. थोडकं पाणी भराभर उडून जात असल्यामुळे एवढं चालतं. वापरलेले बोळे बरणीत, बरणीवर 'आर्सेनिक'.

तोच बोळा पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्याला लावून पाहिला, एकाच पिसाच्या आतल्या कडेवर. बोळा पिवळा आला. मातीचा नाही, स्वच्छ लिंबासारखा पिवळा. तिथेच थांबलो.

महाधनेशाचा पिवळा रंग हा बराचसा त्याने स्वतः लावलेला असतो. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिचं पिवळं तेल तो चोचीने घेऊन शिंगाला, मानेला, पंखावरच्या पट्ट्याला चोपडत राहतो. मेल्यावर लावणारं कुणी नाही, त्यामुळे संग्रहालयातले महाधनेश फिके पडतात. आमच्या पक्ष्याच्या पंखात त्या तेलाचा अंश एवढ्या वर्षांनी शिल्लक आहे. अल्कोहोलने 'चकाचक' करायला गेलो असतो तर तेवढाही पुसला गेला असता. मान आणि पंखांचा पट्टा फक्त कोरड्या ब्रशने. पिवळसर डाग दिसले तरी राहू देत.

ऑफिसातून निरोप आला की शिंग जरा उजळ दिसेल असं काही करता आलं तर बघा. उजळ दिसतंय ते ऑइलपेंटमुळे, हे कळवलं.

८ डिसेंबर

ऑइलपेंट काढणं. जिथे धुळीवरच रंग फासला होता तिथे स्काल्पेलच्या टोकाने पापुद्रे आपोआप सुटतात. जिथे कवचाला घट्ट बसलाय तिथे ॲसिटोनचा बोळा एका नखाएवढ्या जागेवर लावून पाहिला: रंग मऊ होतो, पण कवच पांढुरकं, कोरडं पडतं. त्यामुळे ॲसिटोन बंद. सुटेल तेवढाच काढायचा.

शिंगाच्या मागच्या कडेचा मोठा पापुद्रा निघाला आणि खाली काळं दिसलं. पुढच्या टोकालाही तेच. नराच्या शिंगाला पुढे-मागे असा काळा रंग असतो, मादीच्या नसतो. रंगवणाऱ्याने ते डाग समजून झाकून टाकले होते. म्हणजे पक्षी नर.

आणि नर असेल तर डोळा लाल हवा. बसवलेला काचेचा डोळा तपकिरी-पिवळा आहे, बहुधा घुबडासाठी किंवा गरुडासाठी आणलेल्या डब्यातला. लाल डोळे ऑनलाइन मिळतात, जोडी तीनशे रुपयांना. यावर विद्यार्थ्यांचे दोन तट पडले. माझं मत: डोळा बदलायचा नाही. त्या काळी भरणाऱ्याने जिवंत महाधनेश जवळून पाहिला नव्हता, ही माहितीसुद्धा या पक्ष्यावरच लिहिलेली आहे. शिवाय डोळा काढायला गेलं तर कडेचं कातडं फाटणार आणि नेमकं तिथेच आर्सेनिक. माहितीफलकावर 'नराचा डोळा प्रत्यक्षात लाल असतो' एवढं लिहिलं की काम झालं. ऑइलपेंटला वेगळा न्याय का, असंही एकाने विचारलं. रंगाखाली पक्षी झाकला गेला होता; डोळ्याखाली काही झाकलेलं नाही.

१२ डिसेंबर

डावा पाय. नवी तार घालायची तर पाय उसवावा लागेल. त्याऐवजी बैठकीतून वर येणारी ॲक्रिलिकची पारदर्शक काठी, टोकाला फेल्टची गादी, ती पोटाखाली टेकवली. पक्ष्याचं वजन आता पायावर नाही, काठीवर आहे. काठी केव्हाही काढता येते. नेमप्लेट बनवणाऱ्याकडून वाकवून घेतली, साडेचारशे रुपये. पहिली काठी सरळ होती, तिने पिसं वर ढकलली जात होती. दुसरी पोटाच्या गोलाईप्रमाणे.

मानेची नऊ पिसं मिथाईल सेल्युलोजच्या खळीने आणि जपानी कागदाच्या धाग्याएवढ्या पट्ट्यांनी परत लावली. फेव्हिकॉल लावू नये. वाळल्यावर निघत नाही, आणि पुढे कुणाला काढावंसं वाटलं तर पिसासकट येईल. विरळ जागा कोंबडीच्या पिसांनी भरल्या नाहीत.

१३ डिसेंबर

काठी बसवताना डाव्या पायाच्या पिसांत गाठ लागली. दोरा, आणि दोऱ्याला बोटभर लांबीची चिठ्ठी, धुळीने पायाच्याच रंगाची झालेली. कपाटावरचं टाइप केलेलं कार्ड म्हणतं: 'हॉर्नबिल, आफ्रिका'. आफ्रिकेत महाधनेश नाही, हे आम्हाला माहीतच होतं. कार्ड कुणीतरी दुसऱ्या पक्ष्याबरोबर अदलाबदल केलं असणार असं समजून चाललो होतो. चिठ्ठी कोरड्या ब्रशने साफ करून तिरक्या उजेडात फोटो काढले. शाई तपकिरी पडलीय. 'कॅसलरॉक' पूर्ण वाचता येतं. त्याखाली 'मार्च', त्यापुढचं साल कसरीने कुरतडलेलं, आणि नावातली फक्त दोन आद्याक्षरं.

कॅसलरॉक म्हणजे उत्तर कन्नड, तेव्हाचा मुंबई इलाखा. विल्यमचं कारवारही त्याच जिल्ह्यातलं. घाटातल्या जंगलातला, मार्चमधला, छर्ऱ्यांनी मारलेला नर: इतकी माहिती त्या बोटभर कागदामुळे झाली. ती नसती तर हा निव्वळ दिवाणखान्यातला शोभेचा पक्षी. चिठ्ठी पायावरून सोडली नाही, दोरा कापला नाही. तिच्याभोवती आम्लरहित कागदाचं सैल पाकीट करून तिथेच ठेवली. पेंढा भरलेलं काहीही साफ करताना पाय आधी तपासा.

२० डिसेंबर

कपाट. लाकडाला आतून गॅमेक्सिन मुरलेलं, ते परत वापरायचं नाही असं ठरवलं होतं, पण नव्याला पैसे नाहीत. आतला प्लायवूड काढून टाकला, ॲल्युमिनियमची फिल्म लावली, फटी बुजवल्या. काढलेला प्लाय, पावडर, बोळे, हातमोजे हे सगळं रसायनशास्त्र विभागाच्या घातक कचऱ्याबरोबर जाईल. कचऱ्याच्या गाडीत टाकू नये आणि जाळू तर मुळीच नये, आर्सेनिक धुरात येतं.

आतली ट्यूबलाइट काढली. पिसांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. फोनवरच्या ॲपने मोजला तर खिडकीमुळेच त्याच्या कितीतरी पट निघाला. खिडकीला जाड पडदा, कपाट समोरच्या भिंतीला हलवलं.

खर्च एकूण अकरा हजारांच्या आसपास. त्यात व्हॅक्यूम क्लीनर धरलेला नाही, तो उसना होता. सगळ्यात महाग पडल्या पुड्या आणि फिल्म, कारण दोनदा घ्यावं लागलं.

१५ जानेवारी

कपाटातले चिकट सापळे पाहिले. एक किडा, तोही मेलेला, खिडकीच्या बाजूच्या सापळ्यात. खिडकीबाहेर फुललेली झुडपं आहेत. या किड्यांचे प्रौढ फुलांवर येतात आणि अंडी घालायला आत शिरतात. खिडकीला बारीक जाळी मारायला सुताराला सांगितलंय.

नवा फलक लागला: नाव, नर, कॅसलरॉक, मार्च, डोळ्याबद्दल एक ओळ, रंग फिका का यावर दोन ओळी आणि लाल अक्षरांत 'आर्सेनिक आहे, हात लावू नये'. 'आफ्रिका'वालं कार्ड फेकलं नाही, डेडस्टॉकच्या नोंदीसोबत फायलीत लावलं. शिंगावर मागच्या बाजूला अजून हाताच्या तळव्याएवढा पिवळा पेंट आहे, तो तसाच राहील. पुढची तपासणी मेच्या शेवटी, पावसाळ्याच्या तोंडावर, नवीन सिलिका जेल घालताना.